चक्रं मोजणारा फौजदार

मधल्या सुट्टीत आपण एकमेकांची बोटं पाहून चक्रं किती, शंख किती हे मोजायचो, आठवतं? दहा चक्रं असली की राजयोग! पुढे माझी तीस वर्षं पोलिसांच्या अंगुलीमुद्रा विभागात याच मोजणीत गेली. स्मरणिकेसाठी स्वतःबद्दल लिही असा नेरूळकर मंडळींचा आग्रह होता. पण ज्याच्या गणितावर माझी भाकरी चालली, त्याच्याबद्दल लिहिणं मला जास्त बरं वाटतं.

काझी अझिझुल हक यांचा जन्म 1872 चा, खुलना जिल्ह्यातला. आईवडील लवकर गेले. घरात खाणारी तोंडं फार. स्वतःचं जेवून भावाच्या वाट्याचंही खाल्लं म्हणून मार बसला आणि बाराव्या वर्षी हा मुलगा कलकत्त्याला पळाला, असं सांगतात. तिथे एका कुटुंबाने आसरा दिला. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी गणित घेतलं. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांना आकडेमोडीत तरबेज मुलगा हवा होता. प्राचार्यांनी हक यांचं नाव सुचवलं आणि ते सब-इन्स्पेक्टर झाले.

तेव्हा गुन्हेगार ओळखायला डोकं, हात, पाय यांची मापं घेत. दोघांनी मोजलं की दोन मापं! ठसे खात्रीचे, हे माहीत होतं. अडचण वेगळीच होती. हजारो कागदांतून नेमका कागद शोधायचा कसा?

हक यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर 16, पुढच्या जोड्यांना 8, 4, 2, 1. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतलं एक बोट अपूर्णांकाच्या वर, एक खाली. दोन्हीकडे बेरीज करून 1 मिळवायचा. वर 32 शक्यता, खाली 32. म्हणजे 1024 खण. कागद आपला खण स्वतःच सांगतो. आपल्या गणिताच्या सरांना हे दाखवायला हवं होतं. दोनचे घात कुठे उपयोगी पडतात, असं आम्ही त्यांना फार छळलंय.

1897 मध्ये कलकत्त्यात अंगुलीमुद्रा कार्यालय उघडलं. त्याच वर्षी जलपाईगुडीत चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. घटनास्थळी सापडलेल्या बंगाली पंचांगावर तपकिरी डाग होते. त्यातला एक ठसा पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या त्याच्याच जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. कोर्टाने त्याला 1898 मध्ये चोरीसाठी शिक्षा दिली, खुनातून सोडलं. ठसा माणूस तिथे होता एवढंच सांगतो, सुरी कुणी चालवली ते नाही. घटनास्थळावर काम करताना मला हा निकाल नेहमी आठवायचा.

1900 मध्ये हेन्रींचं पुस्तक आलं, 1901 मध्ये ते स्कॉटलंड यार्डात गेले आणि पद्धत जगभर हेन्रींच्या नावाने पसरली. आगगाडीत कल्पना सुचली आणि शर्टाच्या बाहीवर टिपून ठेवली, असा त्यांचा किस्साही पसरला. मला तो कधी पटला नाही. तारेने ठसे कळवण्याची सांकेतिक पद्धत काढणारे हेमचंद्र बोस हे हक यांचे सहकारीही असेच मागे राहिले.

हक पुढे बिहार पोलिसात गेले. त्यांनी सरकारकडे आपल्या कामाची दाद मागितली. खानबहादूर किताब, पाच हजार रुपये आणि मोतिहारीत जमीन मिळाली. हेन्रींनीही उतारवयात मान्य केलं की आपल्या माणसांत या कामाला सर्वांत मोठा हातभार हक यांचा होता. पद्धतीचं नाव मात्र बदललं नाही. 1935 मध्ये मोतिहारीतच ते वारले. फार नंतर ब्रिटनच्या फिंगरप्रिंट सोसायटीने हक आणि बोस यांच्या नावे संशोधनाचं पारितोषिक ठेवलं.

माझ्या उजव्या तर्जनीवर आणि डाव्या अंगठ्यावर चक्र आहे. म्हणजे वर 16 आणि 4, अधिक 1. खाली नुसता 1. माझा खण 21/1. राजयोग नाहीच. मेळाव्याला या, तुमचे खण मी चहा पिता पिता काढून देतो.