गणिती बापूदेवशास्त्री

बापूदेवशास्त्री ह्यांचा जन्म १८२१ साली पुण्यास झाला. त्यांची बुद्धी हेरून भोपाळचे पोलिटिकल एजंट विल्किन्सन ह्यांनी त्यांना भोपाळजवळील सीहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले. भास्कराचार्यांच्या ‘गोलाध्याया’चे इंग्रजी भाषांतर मागे ठेवून विल्किन्सन १८४१ साली निवर्तले. पुढे काशीस अध्यापक झालेल्या शास्त्रीबुवांनी ते तपासून १८६१ साली प्रसिद्ध केले. गुरुऋण असे फिटले!

मातीचा अथवा लाकडाचा गोल करावा, त्यावर वर्तुळे आखावीत, पडलेल्या पट्ट्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करावी, म्हणजे गोलाचे पृष्ठफळ मिळते, ही भास्कराचार्यांची रीत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी शिकतात त्या समाकलनाच्या मुळाशी हीच कल्पना आहे. आपणही हाती माती घेऊन ती पडताळून पाहू या.