पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार : मायकेल फॅरडे

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांतून एकच विचारणा सुरू होते : आता कॉलेज कोणते? मुलाने एखाद्या कारखान्यात किंवा कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करायची म्हटले तर वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो. जणू शिक्षण तेथेच संपले! म्हणून विद्युतजनित्राचे तत्त्व शोधून काढणाऱ्या मायकेल फॅरडेची हकीकत आपणापुढे ठेवावीशी वाटते. हा गृहस्थ विद्यापीठात एक दिवसही शिकलेला नव्हता.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, प्रकृतीने अधू; घरात नेहमी ओढाताण. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढीच त्याची शाळा. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचवण्याच्या कामाला लागला. वर्षभराने, १८०५ साली, रिबोने त्याला पुस्तकबांधणीसाठी सात वर्षांच्या करारावर उमेदवार म्हणून घेतले. त्या काळी उमेदवार ठेवताना उस्ताद पालकांकडून रक्कम घेत असे. रिबोने मुलाची चोख नोकरी पाहून ती घेतली नाही.

या रिबोकडे आपण नीट पाहावे, कारण फॅरडेची चरित्रे वाचणारे त्याला एका ओळीत उरकतात. बांधणीसाठी आलेली पुस्तके मुलगा वाचतो म्हणून त्याने कधी हटकले नाही. ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक फॅरडेने असेच बांधता बांधता वाचले. पदरच्या चार पैशांतून तो लहानसहान प्रयोग करी. शास्त्रविषयक व्याख्यानांची फी एक शिलिंग असे. ती त्याचा लोहारकाम करणारा थोरला भाऊ भरी. तेव्हा आपल्या मुलाला कोठे उमेदवारीला धाडताना केवळ विद्यावेतन किती, एवढेच विचारू नका. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने लेखी करार आणि विद्यावेतन यांची तरतूद केली आहे. परंतु उस्ताद कसा, शिकवतो की नुसता राबवतो, ही चौकशी पालकांनीच करायची असते.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने फॅरडेला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने चार व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढली आणि स्वतःच्या हाताने बांधली. त्याच वर्षी उमेदवारी संपली. दुसऱ्या बांधणीवाल्याकडे काम मिळाले, पण मन रमेना. तेव्हा त्याने ती वही डेव्हीला पाठवली. डेव्हीने बोलावून घेतले खरे, पण हातातला धंदा सोडू नकोस असाच सल्ला दिला. पुढे प्रयोगशाळेतील मदतनिसाला भांडणावरून काढून टाकले गेले आणि मार्च १८१३ मध्ये ती जागा फॅरडेला मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग पगार आणि वर राहायला दोन खोल्या.

हीसुद्धा उमेदवारीच होती. बाटल्या धुण्यापासून सुरुवात. डेव्हीबरोबर दीड वर्ष युरोपचा प्रवास झाला, त्यात डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागवले. पण त्याच प्रवासात त्याला अँपिअर आणि व्होल्टा पाहायला मिळाले. बांधणीच्या दुकानात तयार झालेले हात येथे कामी आले. उपकरणे तो स्वतः जुळवी. १८२५ मध्ये त्याने बेंझीन वेगळे केले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून एकीतील प्रवाह सुरू-बंद करताच दुसरीत क्षणभर वीज वाहते, हे त्याने पाहिले. आज विजेच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर त्याच तत्त्वावर चालतो.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. उच्च गणित त्याला कधीच आले नाही. त्याच्या कल्पना समीकरणांत मांडल्या त्या एडिंबरा आणि केंब्रिजला शिकलेल्या मॅक्सवेलने. म्हणजे विद्यापीठही निरुपयोगी नव्हे. दोघांवाचून ते काम पुरे झाले नसते.

पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद आणि सरदारकी दोन्ही त्याने नाकारली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो वारला. डेव्हीला पाठवलेली ती बांधीव वही रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवली आहे.