कागदाची गुंडाळी

तुम्ही कागदाची होडी केली असेल, पतंगही बनवला असेल. पण कागदाला घड्या घालून कोणी प्रथिनांचे रूप शोधून काढले, असे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल का? लायनस पॉलिंग या शास्त्रज्ञाने ते करून दाखवले.

पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात झाला. वडील औषधांचे दुकान चालवत. लायनस नऊ वर्षांचा असताना ते वारले. आईने घरातल्या खोल्या भाड्याने देऊन तीन मुलांना वाढवले. एका शाळासोबत्याच्या घरी लायनसने रसायनांचे प्रयोग पाहिले आणि त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. कॉलेजात असताना पैसे कमी पडले. तेव्हा त्याने शिक्षण थांबवून त्याच कॉलेजात वर्षभर शिकवण्याचे काम केले! १९२५ साली कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेतून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे ते तिथेच प्राध्यापक झाले.

आपले केस, नखे, रक्त या सर्वांत प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ही साखळी कशी गुंडाळलेली असते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. इंग्लंडमधील ॲस्टबरी यांनी केसांची आणि लोकरीची क्ष-किरण छायाचित्रे घेतली होती. त्यांत ५.१ अँगस्ट्रॉमची एक खूण दिसे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. या मापात बसणारी गुंडाळी पॉलिंग यांनी १९३७ मध्ये शोधून पाहिली, पण जमले नाही. मग त्यांचे सहकारी रॉबर्ट कोरी यांनी साखळीच्या लहान लहान तुकड्यांची मापे घेण्याचे किचकट काम हाती घेतले. त्यात अनेक वर्षे गेली. साखळीतील कड्यांना जोडणारा बंध सपाट असतो आणि तो पिळत नाही, असे पॉलिंग यांचे मत होते. या मापांनी ते पक्के झाले.

१९४८ साली पॉलिंग ऑक्सफर्डला गेले होते. तिथे त्यांना जोराची सर्दी झाली. अंथरुणात पडून ते रहस्यकथा वाचू लागले, पण लवकरच कंटाळले. त्यांनी कागद आणि पट्टी मागवली, कागदावर साखळी काढली आणि सपाट बंध तसेच ठेवून तो घड्या घालत गुंडाळला. काय आश्चर्य! गोल जिन्यासारखे एक मळसूत्र तयार झाले. त्याच्या एका वेढ्यात सुमारे ३.६ अमिनो आम्ले बसत होती. एका वेढ्यातील अणू पुढच्या वेढ्यातील अणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडले जात होते.

पण वेढ्याची उंची आली ५.४ अँगस्ट्रॉम. छायाचित्र सांगत होते ५.१! फरक थोडासाच होता, तरी पॉलिंग यांनी तो दडवला नाही आणि शोध जाहीरही केला नाही. केंब्रिजला ब्रॅग, केंड्रू आणि पेरुट्झ हेही याच प्रश्नामागे होते. पॉलिंग त्यांना भेटले, पण या मळसूत्राबद्दल काही बोलले नाहीत. १९५० मध्ये केंब्रिजच्या तिघांनी आपले नमुने छापले. ते चुकीचे होते, कारण बंध सपाट असतो हे त्यांनी ध्यानात घेतले नव्हते. अखेर १९५१ मध्ये पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी अल्फा मळसूत्र प्रसिद्ध केले.

ते वाचून पेरुट्झ हादरले. मळसूत्र खरे असेल, तर १.५ अँगस्ट्रॉमवर एक खूण दिसलीच पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी घोड्याचा केस तिरपा धरून छायाचित्र घेतले. खूण तिथे होती! प्रतिस्पर्ध्यानेच असा पुरावा द्यावा, हे मला फार मोठे वाटते. ५.१ चे कोडेही पुढे सुटले. केसांत ही मळसूत्रे दोरीच्या पेडांसारखी एकमेकांभोवती पिळलेली असतात. ती तिरपी असल्याने केसाच्या दिशेने मोजलेली उंची कमी भरते.

पॉलिंग यांना १९५४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अणुबाँबच्या चाचण्यांविरुद्ध त्यांनी मोहीम चालवली, म्हणून १९६२ चे शांततेचे नोबेलही मिळाले.

आता आपल्या पेशीकडे पाहा. तिचे पटल आतून तेलकट असते. तिथे पाणी नसते, म्हणून साखळीतील अणूंना हायड्रोजन बंधांसाठी आपसांतच जोडीदार शोधावे लागतात. मळसूत्रात ते आपोआप मिळतात. हा तेलकट थर सुमारे ३० अँगस्ट्रॉम जाड असतो. मळसूत्रातील प्रत्येक अमिनो आम्ल १.५ अँगस्ट्रॉम उंची भरते. मग थर ओलांडायला किती अमिनो आम्ले लागतील? वहीत भागाकार करून पाहा.

१९७५ मध्ये केंब्रिजच्या हेंडरसन आणि अनविन यांना एका सूक्ष्मजीवाच्या पटलातील प्रथिनात अशी सात मळसूत्रे शेजारी शेजारी उभी दिसली. लाहोरला शिकलेले हरगोविंद खुराना यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांसह हेच प्रथिन पूर्ण उलगडले आणि ते पुन्हा नीट घडी होऊन काम करू लागते, हे १९८१ मध्ये दाखवले. आधी एकेक मळसूत्र पटलात उभे राहते, नंतर ती एकमेकांना बिलगतात, असा विचार १९९० मध्ये पोपो आणि एंगेलमन यांनी मांडला. पॉलिंग तेव्हा हयात होते. १९ ऑगस्ट १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील बिग सर येथे त्यांचे निधन झाले.