जो जिंकतच राहिला

रॉनी ओ'सलिव्हन थांबला की स्नूकर बघणार कोण? यूट्यूबवर त्याचे ब्रेक बघता बघता हा प्रश्न तुमच्याही डोक्यात येऊन गेला असेल. सात वेळा जगज्जेता झालेला हा माणूस आता पन्नाशीला पोचलाय आणि त्याच्याइतकी गर्दी खेचणारा दुसरा कोण, यावर स्नूकरवाल्यांमध्ये रोज वाद चालू असतात. पण हा प्रश्न या खेळाला पहिल्यांदा पडलेला नाही. १९४६ मध्ये तो पडला होता आणि तेव्हा त्याचं जे उत्तर मिळालं ते चांगलं नव्हतं. त्यासाठी तुम्हाला जो डेव्हिस माहीत असायला हवा. (मराठीत नुसतं जो लिहिलं की वाक्य लगेच तो शोधायला लागतं, म्हणून आपण त्याला डेव्हिसच म्हणू.)

डेव्हिसचा जन्म १५ एप्रिल १९०१ चा, इंग्लंडच्या डर्बीशायर काउंटीतल्या व्हिटवेल गावचा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. पुढे त्यांनी खाण सोडली आणि चेस्टरफील्डजवळ एक पब चालवायला घेतला. त्या पबमध्ये पूर्ण मापाचं बिलियर्ड्सचं टेबल होतं, आणि पोरगा त्याला जो चिकटला तो सुटलाच नाही. तेराव्या वर्षी तो चेस्टरफील्डचा हौशी बिलियर्ड्स विजेता झाला, अठराव्या वर्षी व्यावसायिक. यात एक गोष्ट ऐकून तुम्ही थबकाल. त्याचा उजवा डोळा जवळपास निकामी होता. नेमाची सगळी भिस्त डाव्या डोळ्यावर होती, म्हणून क्यू हनुवटीच्या मधोमध न धरता तो डाव्या बाजूने सरकवायचा.

त्या काळात पैसा आणि मान होता तो बिलियर्ड्सला, तीन बॉलच्या खेळाला. स्नूकर म्हणजे मधल्या वेळेची करमणूक. १८७५ च्या सुमारास आपल्याच जबलपूरमध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी फावल्या वेळात शोधलेला खेळ, तिकडच्या जाणकारांच्या दृष्टीने काहीसा पोरकट. डेव्हिसही बिलियर्ड्सचा मोठा खेळाडू होता, त्यात चार वेळा जगज्जेता झाला. पण हॉलमध्ये येणारे लोक कशाला खुर्चीत पुढे सरकून बसतात आणि कशाला जांभया देतात, हे त्याने बरोबर हेरलं. बर्मिंगहॅमचे बिलियर्ड्स हॉलचे मालक बिल कॅमकिन यांच्या मदतीने त्याने नियामक संघटनेला गळ घातली की व्यावसायिकांसाठी स्नूकरची स्पर्धा भरवा. संघटना फारशी उत्साहात नव्हती, पण तयार झाली. दहा जणांनी नावं दिली. मे १९२७ मध्ये कॅमकिन यांच्या हॉलमध्ये अंतिम सामना झाला, डेव्हिसने टॉम डेनिसला २०–११ असं हरवलं. बक्षीस किती? साडेसहा पौंड! प्रवेश शुल्कातला बाकीचा वाटा चषकावर खर्च झाला. २०२५ मध्ये चीनच्या झाओ शिनटोंगने उचलला तो हाच चषक.

त्यानंतर डेव्हिस जिंकतच राहिला. १९२७ ते १९४०, दर वर्षी. पुढची पाच वर्षं युद्धामुळे स्पर्धा नाही, मग १९४६ ला पुन्हा तोच. पंधरा वेळा जगज्जेता आणि या स्पर्धेत एकही सामना हरला नाही. ऐकायला भारी वाटतं ना? आता दुसरी बाजू बघा. १९३१ मध्ये स्पर्धेला नावं दिली फक्त दोघांनी, एक डेव्हिस आणि दुसरा डेनिस. १९३४ ला पुन्हा दोनच. हरणार हे ठाऊक असताना पदरचे पैसे भरून कोण कशाला येईल?

बिलियर्ड्सचं काय झालं हे तर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जानेवारी १९३२, लंडनचा थर्स्टन्स हॉल. समोर ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम. त्याने एकाच खेपेत ४१३७ गुणांचा ब्रेक केला. जवळपास तीन तास लिंड्रम टेबलाच्या कडेकडेने बॉल एकमेकांवर हलकेच टेकवत नेत होता आणि डेव्हिस खुर्चीत बसून होता. खेळ इतका निर्दोष झाला की बघण्यासारखं काही उरलं नाही. त्यानंतर बिलियर्ड्सचा प्रेक्षक पांगला तो पांगलाच. स्नूकरमध्ये मात्र उलट घडत होतं. लाल बॉल, मग रंगीत, पुन्हा लाल. प्रत्येक पॉटनंतर पांढरा बॉल कुठे थांबवायचा याचं शास्त्र डेव्हिसनेच बसवलं, आणि ते बघायला लोक तिकीट काढत होते.

१९४६ चा अंतिम सामना लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये झाला. दोन आठवडे चालला. समोर वॉल्टरचा पुतण्या होरेस लिंड्रम, निकाल ७८–६७. त्याच वर्षी डेव्हिसने जाहीर केलं की यापुढे आपण जागतिक स्पर्धा खेळणार नाही. वय ४५.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. शिखरावर असताना थांबणं आपल्याला आवडतंच. अडचण अशी की डेव्हिस फक्त जागतिक स्पर्धेतून गेला, खेळातून नाही. प्रदर्शनी सामने चालू, वर्तमानपत्राने पुरस्कृत केलेली स्पर्धा चालू. तिथे इतरांना आधीच काही गुण बहाल करून तो खेळायचा आणि तरी बऱ्याचदा जिंकायचा. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष तोच. थर्स्टन्सवर युद्धात बॉम्ब पडला होता, तो हॉल १९४७ मध्ये लेस्टर स्क्वेअर हॉल या नावाने पुन्हा उघडला तेव्हा त्याच्या कारभारात भागीदारही तोच. म्हणजे खेळाडू तोच, आयोजक तोच आणि बाकीच्यांनी कुठे खेळायचं हेही बऱ्याच अंशी त्याच्या हातात.

आता तुम्ही प्रेक्षक आहात असं समजा. जगज्जेता म्हणून वॉल्टर डोनाल्डसनचं नाव लागलंय, पुढच्या वर्षी फ्रेड डेव्हिसचं. पण त्या दोघांपेक्षा सरस माणूस पलीकडच्या आठवड्यात त्याच गावात खेळणार आहे. जगज्जेत्याचं तिकीट तुम्ही कशाला काढाल?

फ्रेड हा त्याचा सख्खा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. माझ्या मते या कहाणीत सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर झाला. बरोबरीच्या अटींवर थोरल्याला हरवणारा तो एकटाच. १९४० च्या अंतिम सामन्यात तो ३७–३६ असा, एका फ्रेमने मागे राहिला. नंतर त्याने आठ जागतिक विजेतेपदं मिळवली. पण लोकांच्या लेखी खरा विजेता घरातला दुसराच होता, आणि फ्रेडची विजेतेपदं त्याच्या सावलीत गेली.

१९५२ मध्ये खेळाडू आणि नियामक संघटना यांच्यात बिनसलं. अधिकृत स्पर्धेत फक्त दोघं उतरले, बाकीच्यांनी आपली वेगळी स्पर्धा सुरू केली. २२ जानेवारी १९५५ ला लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये डेव्हिसने १४७ चा ब्रेक केला, अधिकृत म्हणून मान्य झालेला पहिला. तीही मान्यता नियमांच्या वादात अडकून दोन वर्षांनी मिळाली. त्याच १९५५ मध्ये हॉल बंद पडला. १९५७ च्या जागतिक स्पर्धेत चार खेळाडू होते, जॉन पुलमन जिंकला. त्यानंतर पुढची सहा वर्षं स्पर्धाच नाही. एवढ्या मोठ्या खेळात जगज्जेता ठरवायला कुणी पुढे येईना!

डेव्हिसला हे दिसत नव्हतं असं नाही. १९५९ मध्ये त्याने एक तोडगा काढला, स्नूकर प्लस. टेबलावर आणखी दोन बॉल, नारिंगी आठ गुणांचा आणि जांभळा दहा गुणांचा. चाललं नाही. मला विचाराल तर इथे त्याचं निदान चुकलं. लोकांना नवे रंग नको होते, नवे चेहरे हवे होते.

ते चेहरे मिळाले टीव्हीवर. १९६४ मध्ये जागतिक विजेतेपद आव्हानाच्या सामन्यांनी कसंबसं पुन्हा सुरू झालं. १९६९ मध्ये बीबीसी टूवर पॉट ब्लॅक हा कार्यक्रम आला. रंगीत टीव्ही नवा होता आणि रंग दाखवायला स्नूकरइतका स्वस्त खेळ दुसरा नव्हता. १९७२ मध्ये बेलफास्टचा २२ वर्षांचा अ‍ॅलेक्स हिगिन्स जगज्जेता झाला. झटपट खेळणारा, भांडखोर, पिणारा. त्याचं कौतुक करणारे होते तितकेच नावं ठेवणारेही, आणि तिकीट दोघेही काढत. पुढे त्याच्यासमोर शांत डोक्याचा स्टीव्ह डेव्हिस उभा राहिला. आपल्या डेव्हिसशी याचं नातं नाही, पण तो खेळ शिकला ते जो डेव्हिसच्याच पुस्तकावरून, वडिलांनी हातात ठेवलेल्या. १९८५ मध्ये हा स्टीव्ह अंतिम सामना शेवटच्या काळ्या बॉलवर डेनिस टेलरकडून हरला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेल्यावरही ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर होते. जो डेव्हिसच्या पंधरा वर्षांत असा सामना एकदाच होऊ शकला असता, १९४० मध्ये.

त्याने हे यश पाहिलं नाही, सुरुवात मात्र पाहिली. १९७८ मध्ये बीबीसीने जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच रोज दाखवायला घेतली. स्पर्धा शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये, चेस्टरफील्डपासून हाकेच्या अंतरावर. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या पेरी मॅन्ससमोर कोण होतं माहितीये? फ्रेड, वय ६४. सत्त्याहत्तर वर्षांचा थोरला भाऊ प्रेक्षकांत बसला होता. फ्रेडचा प्रत्येक बॉल जणू आपणच ढकलतोय अशा थाटात तो खुर्चीत डावीउजवीकडे झुकत होता. तिथेच त्याची तब्येत बिघडली आणि दोन दिवसांनी तो कोसळला. लंडनमध्ये सहा तासांची शस्त्रक्रिया झाली, त्यातून सावरत असताना छातीत संसर्ग झाला. १० जुलै १९७८ रोजी जो डेव्हिस गेला.

तो सामना फ्रेड १८–१६ असा हरला होता. पण त्याने क्यू खाली ठेवला नाही. ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत, १९९३ पर्यंत, तो व्यावसायिक स्नूकर खेळत होता, बहुतेक वेळा हरत.