मारिएत्ताबाईंच्या नावाचा केक

लेक सुट्टीला आली की आमच्याकडे एक दिवस पास्ता ठरलेला. पाकीट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं, पण टोमॅटोचा सॉस मात्र मी घरीच करते. या सॉसच्या निमित्ताने मला एका इटालियन गृहस्थांची ओळख झाली आणि त्यांच्यामुळे मी जरा ओशाळलेसुद्धा. का, ते शेवटी सांगते.

पेलेग्रिनो आर्तूझी यांचा जन्म १८२० सालचा, उत्तर इटलीतल्या फोर्लिंपोपोली नावाच्या लहानशा गावातला. वडील व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. पण जानेवारी १८५१ मध्ये एका रात्री दरोडेखोरांनी गावावर घाला घातला. प्रतिष्ठित मंडळी नाटकाला जमली होती, त्यांना थिएटरातच कोंडून श्रीमंतांची घरं लुटली. आर्तूझींचंही घर सुटलं नाही. त्यांची बहीण गेर्त्रूदे हिच्या मनावर त्या रात्रीचा असा घाव बसला की बिचारी पुन्हा सावरलीच नाही. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. कुटुंबाने गाव सोडलं आणि फ्लॉरेन्स गाठलं.

तिथे आर्तूझींनी रेशमाच्या व्यापारात चांगला पैसा मिळवला. लग्न मात्र केलं नाही. पंचेचाळिशीतच धंद्यातून अंग काढून घेतलं आणि वाचन आणि खाणं या दोन आवडींत रमले. साहित्यिकांवर दोन पुस्तकं लिहिली, ती फारशी कुणी वाचली नाहीत. मग १८९१ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वयंपाकाचं पुस्तक काढलं. प्रकाशक मिळेना, म्हणून पदरचे पैसे घालून हजार प्रती छापल्या. पाककृती ४७५, आणि पुस्तक अर्पण केलं होतं घरच्या दोन मांजरांना! गावच्या एका धर्मादाय जत्रेसाठी त्यांनी दोन प्रती पाठवल्या, तर ज्यांना त्या सोडतीत मिळाल्या त्यांनी चेष्टा करत तंबाखूच्या दुकानात नेऊन विकल्या.

पण पुढे हेच पुस्तक घराघरांत गेलं. इटली एक देश झाला तो १८६१ साली. दर मुलखाची बोली निराळी, पदार्थांची नावं निराळी. पाकशास्त्राची पुस्तकं फ्रेंच शब्दांनी भरलेली. आर्तूझींनी घरचा स्वयंपाक घेतला आणि शेजारणीशी बोलावं तसा सांगितला. त्यांच्या तरुणपणी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी क्वचितच दिसत. ते ज्यूंचं खाणं, म्हणून लोक नाक मुरडत. आर्तूझींनी चक्क वांग्याची बाजू घेतली. टोमॅटो सॉसच्या आधी तर त्यांनी एका पाद्र्याची गोष्ट सांगितली आहे. माणूस सरळ, पण प्रत्येकाच्या घरात नाक खुपसायची सवय. गावाने त्याचं नाव टोमॅटो ठेवलं, कारण टोमॅटोही सगळ्यातच पडतो!

सॉस अगदी सोपा आहे. पाव कांदा, लसणाची एक पाकळी, बोटभर सेलरी, थोडी बेसिल आणि पार्सलीची पानं बारीक चिरायची. त्यात थोडं ऑलिव्ह तेल, मीठ, मिरपूड आणि सात-आठ टोमॅटो तुकडे करून घालायचे आणि सगळं एकदमच विस्तवावर ठेवायचं. मधूनमधून ढवळत, पातळ सायीसारखं दाट झालं की गाळून घ्यायचं. ना फोडणी, ना मसाला. सेलरी मिळाली नाही तर मी कोथिंबिरीच्या काड्या घालते, चालतं.

आर्तूझी पुस्तक घरूनच पोस्टाने पाठवत. मग बायकांची पत्रं यायला लागली. काय फसलं, काय जमलं, आमच्याकडे कसं करतात. त्यातून पुस्तक वाढत गेलं. १९११ सालापर्यंत कृती ७९० झाल्या होत्या. त्याच वर्षी, नव्वदाव्या वर्षी, आर्तूझी गेले.

मैत्रिणींनो, मी अडखळले ते इथेच. या कृती घरात करून बघण्यात मोठा हात होता स्वयंपाकाला असलेल्या मारिएत्ता साबातिनी आणि फ्रान्चेस्को रुफिल्ली यांचा. नाताळच्या एका केकला आर्तूझींनी मारिएत्ताबाईंचंच नाव दिलं. हा त्यांनी मला शिकवला आणि बाजारातल्यापेक्षा सरस आहे, असं मोकळेपणी लिहून टाकलं. आणि मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क या दोघांना दिले. २००७ पासून त्यांच्या गावात आर्तूझींच्या नावाची मोठी संस्था आहे. तिथे हाताने पास्ता लाटायला शिकवणाऱ्या बायकांना मारिएत्ताबाईंच्याच नावाने ओळखतात.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका पाककृती स्पर्धेत मी टोमॅटोचं सार केलं होतं. टोमॅटो न उकडता विस्तवावर भाजलेले, वर नारळाचं दूध. पहिला नंबर आला, स्टीलच्या डब्यांचा सेट मिळाला. सार होतं आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचं. मी कुणालाच सांगितलं नाही. मावशींनीच ते डबे घासून फळीवर मांडले, आणि मी गप्प राहिले.

आर्तूझींबद्दल वाचलं आणि मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मावशींना सगळं सांगितलं. त्या हसल्या. त्यांना म्हणे तेव्हाच कळलं होतं, आदल्या दिवशी मी दोनदा कृती विचारली होती ना! मी सगळे डबे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी त्यातला एकच, पोह्यांचा, घेतला. पेपरात नाव नको म्हणाल्या, म्हणून इथे लिहीत नाही. पण माझ्या वहीत त्या साराच्या वर आता त्यांचं पूर्ण नाव आहे.

तुमच्याही वहीत एखादी कृती कुणाची तरी असेलच. आज जरा वही काढा.