आठ पायांचा स्वभाव

रेजिनाल्ड इनिस पोकॉक हे नाव प्राण्यांच्या अभ्यासकांना जगभर ठाऊक आहे. सुमात्रा बेटावरच्या वाघाला १९२९ साली शास्त्रीय नाव दिलं ते त्यांनीच. हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवरचे त्यांचे खंड १९३९ आणि १९४१ मध्ये निघाले. पण मला हा माणूस आवडतो तो वाघासाठी नव्हे. जो दिसताच घरातली माणसं आधी चप्पल शोधतात, त्या केसाळ कोळ्यासाठी, म्हणजे टॅरंटुलासाठी, त्यांनी आपली उमेदीची वर्षं खर्ची घातली, म्हणून.

पोकॉक यांचा जन्म ४ मार्च १८६३ रोजी ब्रिस्टलमधल्या क्लिफ्टन इथे, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ब्रिस्टलच्या कॉलेजात त्यांना लॉइड मॉर्गन हे शिक्षक लाभले. या मॉर्गनसाहेबांनी पुढे जो नियम घालून दिला, तो प्राण्यांच्या अभ्यासकाला आजही पाठ असतो. प्राण्याच्या वागण्याचं साधं कारण सापडत असेल, तर त्याला माणसाच्या भावना चिकटवू नयेत. मांजर रुसलं असं ठरवण्याआधी ते भुकेलं आहे का, ते पाहावं!

१८८५ मध्ये पोकॉक लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सहायक म्हणून लागले. विंचू, कोळी, गोम अशी कुणालाच नको असलेली मंडळी त्यांच्या वाट्याला आली. हिंदुस्थानातून नमुने येत आणि पोकॉक ते भिंगाखाली धरून नावं देत. आपल्या सह्याद्रीतल्या कितीतरी टॅरंटुलांचं बारसं त्यांनी १८९९ या एका वर्षात केलं. एकाला त्यांनी ‘राजेशाही’ अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं, तर दुसऱ्याला ‘उग्र’ अशा अर्थाचं. १९०० साली विंचू आणि कोळ्यांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

नावात उग्रपणा आला, तरी त्यांचा अभ्यास वेगळंच सांगत होता. काही मोठे कोळी डिवचले की तोंडाजवळच्या अवयवांवरचे राठ केस एकमेकांवर घासून आवाज काढतात. पोकॉकनी हे अवयव बारकाईने तपासले आणि अर्थ लावला, की ही शत्रूला ‘लांब राहा’ अशी सूचना आहे. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. आपलं फुरसंही वेटोळं घालून खवले घासतं, ते चिडून नव्हे, तर तुम्ही मागे सरावं म्हणून.

माझी बँकेतली काही वर्षं महाड-पोलादपूर भागात गेली. कर्जाच्या पाहणीसाठी वाड्यावस्त्यांवर गेलो, की लोक बजावत, साहेब, लाकडांत हात घालू नका. ती भीती खरी होती. इथल्या लाल विंचवाने अनेक घरांतली मुलं नेली. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हे मृत्यू आटोक्यात आले. आजही विंचू चावला तर तडक दवाखानाच गाठावा. पण विंचू आणि टॅरंटुला पोकॉकच्या एकाच ग्रंथात असले, तरी दोघांना एका मापाने मोजून चालत नाही. टॅरंटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची विश्वासार्ह नोंद नाही.

म्हणून तो खेळणं ठरतो का? हल्ली शहरांत काचेच्या पेटीत टॅरंटुला पाळायची हौस आली आहे. नात्यातल्या एका कॉलेजकुमाराने मला विचारलं, आजोबा, पोलादपूरकडे मिळेल का हो एखादा? रोज हातावर घेतला की माणसाळेल, अशी त्याची समजूत. मी त्याला मॉर्गनसाहेबांचा नियम सांगितला. टॅरंटुला मालक ओळखत नाही. त्याला दिसतं जेमतेम; जग कळतं ते केसांना जाणवणाऱ्या कंपनांतून. तुमचा हात म्हणजे त्याच्या लेखी हलणारी जमीन आणि श्वास म्हणजे कुणा जनावराची चाहूल. अमेरिकेतले बरेच टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस उडवतात. आपल्याकडच्यांजवळ ते शस्त्र नाही. ते पळतात, नाहीतर चावतात. राजेशाही नावाच्या कोळ्याच्या कुळातला चावला, तर स्नायूंत पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात. शिवाय हातावरून पडला तर त्याचं नाजूक पोट फुटतं. कात टाकताना तो उताणा पडतो. मेला समजून हात लावला तर खरोखरच मरायचा. हलवायचाच झाला, तर वर बरणी ठेवावी आणि ब्रशने हलकेच आत सरकवावा. हातात न घेणं हीच त्याची खरी हाताळणी.

पोकॉक १९०४ पासून १९२३ पर्यंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक होते. निवृत्तीनंतर ते घरी बसले नाहीत. संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करू लागले. ९ ऑगस्ट १९४७ रोजी, आपल्या स्वातंत्र्याच्या सहा दिवस आधी, ते वारले.

१८९९ मध्येच त्यांनी आंध्रातल्या गुत्तीच्या एका निळ्या कोळ्याला नाव दिलं होतं. नंतर शंभर वर्षं तो अभ्यासकांना दिसला नाही. २००१ साली आंध्रातल्याच जंगलाच्या एका लहानशा पट्ट्यात पुन्हा सापडला, आणि त्याच्या निळ्या रंगामुळे जगभरच्या हौशी लोकांच्या पेट्यांत जाऊन बसला. आज तो अत्यंत संकटग्रस्त गणला जातो. त्याच्या साऱ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून सायटिस कराराने नियंत्रित केला आहे. जुनी झाडं तुटली की या कोळ्यांच्या ढोल्या जातात; उरलेले आपण बरणीत भरायचे, तर पोकॉकनी दिलेली नावं तेवढी ग्रंथात राहतील.

त्या मुलाला मी म्हटलं, पेटी राहू दे, बॅटरी घेऊन पावसाळ्यात ये. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एखाद्या ढोलीसमोर लांब उभं राहू. दिसला तर आपलं भाग्य, आणि नाही दिसला, तर तो सुखरूप आहे असं समजू.