ल्यूसी विल्स

ल्यूसी विल्स (१० मे १८८८ – १६ एप्रिल १९६४) या इंग्लिश रक्तविकारतज्ज्ञ होत्या. गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचे मूळ आहारात आहे, हे त्यांनी मुंबईतील संशोधनातून दाखवून दिले. फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वाच्या शोधाची ही सुरुवात होय.

त्यांचा जन्म बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचा अभ्यास केला. १९११ मध्ये उत्तीर्ण होऊनही त्यांना पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी त्यांनी दक्षिण आफ्रिकेत परिचारिका म्हणून स्वेच्छेने काम केले. १९१५ मध्ये त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत दाखल झाल्या (डॉ. रखमाबाईंचे वैद्यकीय शिक्षणही येथेच झाले होते). १९२० मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांनी खासगी व्यवसायाऐवजी प्रयोगशाळा पसंत केली.

मुंबईतील संशोधन

मातामृत्यूंच्या चौकशीसाठी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना पाचारण केले व १९२८ मध्ये त्या परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. परळ हा गिरणगावाचाच भाग. गिरणी कामगारांच्या कुटुंबांतील गर्भवतींमध्ये हा रक्तक्षय विशेष आढळे. त्यात तांबड्या पेशींची संख्या घटते आणि उरलेल्या पेशी आकाराने मोठ्या होतात. विल्स यांनी निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात याची पाहणी केली. ज्यांच्या आहारात फळे, भाज्या व प्रथिने सर्वांत कमी, त्या गरीब स्त्रियांनाच हा विकार अधिक होत होता. वरवर साधी वाटणारी ही पाहणीच निर्णायक ठरली. तिच्या शोधनिबंधावर तळपदे या सहकाऱ्याचेही नाव आहे. अशा सहकाऱ्यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

उंदीर व माकडांवरील प्रयोगांत यीस्टचा गुण दिसून आला. मार्माइट हा यीस्टपासून बनवलेला, पावाला लावून खाण्याचा स्वस्त पदार्थ रुग्ण स्त्रियांना दिल्यावर त्यांचे रक्त सुधारले. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मारक रक्तक्षयावर गुणकारी असलेला यकृताचा शुद्ध अर्क मात्र या रुग्णांना लागू पडत नाही, असे त्यांनी पुढे सिद्ध केले. म्हणजे यीस्टमधील द्रव्य वेगळे होते. त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे करण्यात आले, तेच फॉलिक आम्ल. पेशींच्या विभाजनासाठी ते आवश्यक असते आणि गरोदरपणात त्याची गरज वाढते.

गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास अर्भकातील मज्जारज्जूचे जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ते पाहण्यास विल्स हयात नव्हत्या.

उत्तरायुष्य

१९४७ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातून त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही पोषण व रक्तक्षय यांच्या अभ्यासासाठी त्यांनी फिजीपर्यंत प्रवास केला. त्या अविवाहित होत्या. अखेरच्या काळात त्या चेल्सी येथे मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या.